आधी भिंत, मग चित्र

प्रिय मंदार,

पत्र मिळालं. गल्ल्यांतली भिंतीवरची चित्रं बघायला दिवसभरात ११ किलोमीटर चाललास, दोनशेच्या वर फोटो काढलेस आणि घरी येऊन बघतोस तर निम्मे वाकडे, उरलेले एकसारखे. कुठलं चित्र कुठल्या बोळातलं हे एकाचंही सांगता येईना. पाय दुखले ते वेगळेच. अरे, गल्लीतली चित्रं अशी उरकायची नसतात. चित्राच्या मागची भिंत कशाची आहे, रंग कशाने चढवलाय, खाली काय दडलंय हे कळायला लागलं की एकेक गल्ली तासभर सोडत नाही. ते कसं बघायचं तेच सविस्तर लिहितोय.

आधी अंतर कमी कर. एका खेपेला एक ते दीड किलोमीटर, वेळ दोन ते अडीच तास. गल्ली एका टोकाने जायची आणि त्याच गल्लीतून परत यायचं. हे वेळ वाया घालवणं वाटेल, पण अरुंद गल्लीत भिंत समोरून दिसतच नाही, चालताना ती कायम तिरकी दिसते. त्यामुळे जाताना दरवाज्याच्या खाचेत, पाइपाच्या मागे किंवा कमानीच्या आतल्या बाजूला जे असतं ते येतानाच नजरेला पडतं. काही चित्रं तर एकाच टोकाकडून नीट जुळतील अशी मुद्दाम ताणून काढलेली असतात. उलट बाजूने ती नुसती पसरट दिसतात.

वेळेचं गणित दुकानांवर अवलंबून असतं. शटरवरची चित्रं दुकान उघडलं की गुंडाळली जातात, म्हणून ती सकाळी दुकानं उघडण्याआधी बघायची. आणि दिवस वर आला की माल उतरवणाऱ्या गाड्या भिंतींना चिकटून उभ्या राहतात. उजेडाचं म्हणशील तर पातळ ढगाळ दिवस सगळ्यात चांगला. कडक उन्हात समोरच्या छपराची सावली चित्राला मधोमध कापते. अर्धं चित्र भाजलेलं, अर्धं काळोखात. उत्तर-दक्षिण गल्लीत ऊन भर दुपारी थोडा वेळच तळाशी उतरतं. पूर्व-पश्चिम गल्लीत मात्र सकाळ-संध्याकाळ ते भिंतीला घासत जातं, आणि या तिरप्या उजेडात रंगाचे थर, जुन्या रेषांचे उंचवटे, गिलाव्यातले खड्डे सगळं उठून येतं. विल्स नावाचा पोर्तुगीज चित्रकार छिन्नीने गिलावा फोडूनच चेहरे काढतो. तसलं काम बघायला हाच उजेड हवा.

आता गल्ली शोधायची कशी? नकाशावरच्या खुणांवर विसंबू नकोस. खूण तशीच राहते आणि भिंत केव्हाच पांढरी झालेली असते. खुणेखालच्या शेवटच्या फोटोची तारीख बघ. वर्षाच्या वर जुना असेल तर चित्र असेलच असं धरून चालू नकोस. खात्रीच्या तीन जागा निवड आणि त्यांना जोडताना मुख्य रस्ता टाळून मागच्या बोळांतून जा. जिथे भिंतीला खिडक्या नाहीत तिथे चित्र असण्याचा संभव जास्त: दुकानांची मागची बाजू, रेल्वेपुलाखालची भिंत, वाहनतळाला लागून असलेली इमारतीची आंधळी बाजू. शेजारची इमारत पडली की अशी भिंत उघडी पडते, आणि त्या जागी नवी उभी राहिली की चित्रासकट झाकली जाते. वर बघायला विसरू नकोस. डोळ्यांच्या उंचीवर गर्दी असते, मोठी कामं पहिल्या मजल्याच्या वर असतात.

भिंतीसमोर उभा राहिलास की आधी रंग कशाने लावलाय ते ओळख. त्यावरून किती वेळात, किती घाईत आणि परवानगी घेऊन की न घेता हे काम झालं असेल याचा बराच अंदाज येतो. एका दमात ओढलेली एकरंगी सही म्हणजे टॅग. न्यूयॉर्कमधल्या ‘टाकी १८३’ या सहीवर १९७१ मध्ये वर्तमानपत्रात लेख आला आणि अशा सह्यांचं पेव फुटलं. फुगीर अक्षरं, आत एक रंग आणि कडेला दुसरा, काही मिनिटांत उरकलेलं, ते थ्रो-अप. अनेक रंग, सावल्या, पार्श्वभूमी असलेलं निवांत काम म्हणजे पीस. सबंध भिंतीचं, बहुधा परवानगीने आणि मानधन घेऊन केलेलं काम म्हणजे म्युरल. लोक टॅगला नाकं मुरडतात आणि म्युरलला टाळ्या वाजवतात. मला विचारशील तर चांगला टॅग बघताना मोडी लिपीतल्या सराईत कारकुनाची आठवण येते. हात उचललेलाच नसतो.

स्प्रेची रेघ अगदी जवळ जाऊन बघ, नाकापासून वीतभर अंतरावर. तिची कड धुरकट असते, कडेबाहेर बारीक ठिपक्यांची धूळ बसलेली असते. डब्याच्या तोंडावरची कॅप बदलली की रेघेची जाडी बदलते: बारीक कॅपने बोटाएवढी, जाड कॅपने तळहाताएवढी. डबा भिंतीजवळ धरून हात झपाट्याने फिरवला तर रेघ बारीक आणि धारदार येते. लांब धरला तर रुंद आणि धूसर. जवळ धरून हात रेंगाळला की रंग साचतो आणि ओघळतो. ओघळ दिसला म्हणजे चूकच असं नाही, काही जण तो मुद्दाम सोडतात. नवख्याचे ओघळ रेघ जिथे वळते किंवा थांबते तिथे दिसतात, कारण हात तिथेच मंदावतो. अगदी धारदार कड दिसली तर बहुतेक वेळा ती थेट ओढलेली नसते. रेघ आधी जाड ओढून नंतर पार्श्वभूमीच्या रंगाने तिची बाजू कापून काढलेली असते. नीट बघ, कापलेल्या जागी पार्श्वभूमीचा रंग किंचित वेगळा लागतो. रोलरचं काम सोपं: संत्र्याच्या सालीसारखे दाणे दिसतात.

आकार कापलेला पुठ्ठा भिंतीला टेकवून त्यावरून रंग मारला की ते स्टेन्सिल. त्यात ‘ठ’ किंवा ‘०’ सारख्या बंद आकाराचा मधला तुकडा गळून पडू नये म्हणून पुठ्ठ्यात बारीक पट्ट्या ठेवाव्या लागतात. रंगात त्या जागी फटी दिसतात, तीच खूण. पुठ्ठा भिंतीला नीट टेकला नसेल तर रंग आत शिरतो आणि कड फुगते. खडबडीत विटांवर हे हमखास होतं. दोन-तीन रंगांचं स्टेन्सिल असेल तर दुसरा पुठ्ठा पहिल्यावर बरोबर बसला का ते डोळ्यांच्या किंवा बोटांच्या जागी बघ, चूक तिथे लपत नाही. पॅरिसमध्ये ब्लेक ल रॅट या चित्रकाराने १९८१ पासून स्टेन्सिलने उंदीर उमटवायला सुरुवात केली, त्यामागेही हीच सोय होती: सगळं कष्टाचं काम घरी, भिंतीसमोर फक्त काही सेकंद.

कागद चिकटवलेला असेल तर तो पेस्ट-अप. यासाठी लागते ती आपली साधी खळ: एक भाग मैदा, चार भाग पाणी, गुठळ्या मोडून शिजवलेली. भिंतीवर खळीचा एक हात, मग कागद, आणि कागदावरून पुन्हा खळीचा एक हात. ब्रश मधून कडेकडे फिरवला नाही तर आत हवा राहते आणि वाळल्यावर कागदाला सुरकुत्या पडतात. कागद पातळ असेल तर विटांच्या दर्जांत बसतो आणि पुढे ओरबाडूनही निघत नाही. जाड कागद ताठ राहतो, आधी कोपरे सुटतात, मग एखाद्या पावसात सगळाच खाली येतो. आणि काही वेळा जे थेट रंगवलेलं वाटतं ते कापडावर असतं. फिलाडेल्फियाच्या म्युरल आर्ट्स या कार्यक्रमात, जो १९८४ मध्ये भिंती खराब करणाऱ्या मुलांना हाताशी धरून सुरू झाला, बरीच चित्रं पातळ न विणलेल्या कापडाच्या साधारण पाच फुटी चौकोनांवर आत बसून रंगवतात आणि मग ॲक्रिलिक जेलने भिंतीवर डकवतात. तिरप्या उजेडात चौकोनांचे सांधे दिसतात.

मोठ्या भिंतीवर प्रमाण कसं साधतात हे तू विचारलं होतंस. एक रीत चौकटी आखण्याची, दुसरी रात्री प्रोजेक्टर लावून बाह्यरेषा उतरवण्याची. पण अरुंद बोळात प्रोजेक्टरला मागे सरकायला जागाच नसते. हल्ली सर्रास चालतं ते वेगळंच. आधी भिंतभर वाटेल तशी अक्षरं, गोळे, रेघोट्या मारायच्या, त्याचा फोटो काढायचा आणि फोनमध्ये त्या फोटोवर मूळ चित्र अर्धपारदर्शक करून ठेवायचं. मग परांचीवर किंवा उचलयंत्रावर उभं राहून ‘माशाच्या शेपटीचं टोक त्या तिसऱ्या गोळ्याच्या डावीकडे’ असं बघत रेषा ओढता येतात. जिथे वरचा रंग पातळ लागलाय तिथे, विशेषतः कडांना, या रेघोट्या डोकावतात.

आता भिंतीची दुखणी. जमिनीलगत मीटरभर उंचीपर्यंत रंग फुगून पापुद्रे निघालेले असतील तर खालून ओल चढते आहे. ओलीबरोबर क्षार येतात, पाणी उडून जातं आणि क्षार पांढरे फुलतात, तोच लोणा. ॲक्रिलिक रंगाचा थर बराच घट्ट असतो, तो ओलीला सहज बाहेर पडू देत नाही, म्हणून लोणा मागून ढकलून रंगच उचकटतो. सिलिकेटचे खनिज रंग गिलाव्याशी एकजीव होतात आणि भिंतीला श्वास घेऊ देतात, पण ते सगळ्याच पृष्ठभागांवर धरत नाहीत. खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेले काळे ओघळ दिसले तर समज की छज्ज्याला खालून पाणी तोडणारी खाच ठेवलेली नाही. एखादं चित्र निळसर-राखाडी वाटलं तर चित्रकाराची ती निवड होती असं लगेच समजू नकोस. उन्हाने बरेचसे भडक लाल, गुलाबी, पिवळे आधी उडतात. थॅलो निळा (एक गडद कृत्रिम निळा), काळा आणि मातीचे रंग टिकून राहतात. छज्ज्याच्या सावलीत राहिलेली पट्टी बघ, मूळ रंग तिथे सापडतो. आणि नव्या गिलाव्यावर घाईने, महिनाभर न थांबता रंगवलं असेल तर त्यातल्या चुन्या-सिमेंटचा अल्क रंग खातो. चट्टे पडलेले दिसतात.

थर वाचायला कोपरा गाठ. मेलबर्नच्या होझिअर लेनसारख्या गल्लीत भिंती इतक्या वेळा रंगवल्या जातात की कोपऱ्यावरचा टवका निघाला की आत रंगांचे पदर दिसतात, पुस्तकाची पानं कडेने बघावीत तसे. याच गल्लीत २०१० मध्ये पालिकेच्या सफाई पथकाने बँक्सी या नाव लपवून काम करणाऱ्या ब्रिटिश चित्रकाराचा पॅराशूटवाला उंदीर इतर रंगांबरोबर बुजवून टाकला होता. त्याच शहरातल्या कॉलिंगवूडमध्ये अमेरिकन चित्रकार कीथ हॅरिंगने १९८४ मध्ये रंगवलेली भिंत मात्र पुन्हा रंगवायची की आहे ती जपायची यावर वाद झाला आणि २०१३ मध्ये तिचं जतनकाम झालं. बर्लिनच्या ईस्ट साइड गॅलरीचं उलट. बर्लिनच्या जुन्या भिंतीचा उरलेला हा सुमारे १.३ किलोमीटरचा भाग १९९० मध्ये रंगला, पण २००९ मध्ये बहुतेक चित्रं त्याच चित्रकारांनी नव्याने काढली. म्हणजे आज तिथे उभा राहून ‘१९९० चा रंग’ म्हणशील तर फसशील. त्याच बर्लिनमध्ये क्रॉयझबर्ग भागातल्या आंधळ्या भिंतींवरची ब्लू या इटालियन चित्रकाराची प्रचंड चित्रं डिसेंबर २०१४ मध्ये त्याच्याच संमतीने काळ्या रंगाने झाकली गेली, कारण आजूबाजूच्या जागांचे भाव चढवायला ती वापरली जात होती. तुझ्या गल्लीत आधी काय होतं हे शोधायचं असेल तर गूगल स्ट्रीट व्ह्यूमध्ये जुन्या वर्षांची दृश्यं उघडून बघ. बोळ आतवर टिपलेले नसतात, पण तोंडाजवळची भिंत बहुधा सापडते.

फोटोंचं थोडक्यात. वाकडे येतात कारण फोन वर कलतो. समोरच्या भिंतीला पाठ टेकव, फोन दोन्ही हातांनी उभा आणि भिंतीला समांतर धर, चित्र मावत नसेल तर तीन भागांत, प्रत्येक भाग आधीच्यावर एक तृतीयांश चढवून घे. अतिरुंद भिंगाने कोपरे ताणले जातात, ते टाळ. एक चित्र म्हणजे चार फोटो: पूर्ण, आकाराचा अंदाज यावा म्हणून दार किंवा खांब दिसेल असा, वीतभरावरून एक, आणि सहीचा. सही बहुधा खालच्या कोपऱ्यात असते, कधी शेजारी वर्षही. पाचवा फोटो गल्लीच्या नावाच्या पाटीचा, तोही गल्लीत शिरताना. तुझा सगळा गोंधळ याच एका फोटोअभावी झालाय. अजून एक घोटाळा: अरुंद गल्लीत समोरच्या भिंतीचा रंग या भिंतीवर पडतो. समोर पिवळं असेल तर पांढरा पिवळट येतो आणि फोन आपल्या मनाने तो सुधारायला जातो. रंगसंतुलन ‘दिवसाचा उजेड’ वर पक्कं करून ठेव.

माणसांचं बघून वाग. तुझी गल्ली कुणाचं तरी मागचं दार असते. कुणी रंगवत असेल तर आधी विचार, मग फोन काढ. आणि ‘परवानगी आहे का’ हा प्रश्न तर विचारूच नकोस. वारा स्प्रेवरून जिकडे वाहतो त्या बाजूला उभा राहू नकोस, स्प्रेची धूळ चष्म्यावर बसली की खरवडूनच निघते. सांडपाण्याच्या जाळीजवळ दगड शेवाळलेले असतात, म्हणून गुळगुळीत तळाचे बूट नकोत.

तुझ्या फोटोंतला तो घुबडाचा बघून एक शंका आली. उजव्या पंखाखाली रंगाचा उंचवटा दिसतो, अक्षरासारखा. पुढच्या वेळी सकाळी, ऊन भिंतीला घासत असताना तिथे जा आणि खालच्या कोपऱ्यातून तिरका फोटो काढून पाठव. माझ्या मते खाली जुना थ्रो-अप आहे आणि त्याचं पहिलं अक्षर ‘आर’ आहे.

तुझा,
श्रीधर