किंमत सांगण्याआधी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र दोनदा वाचलं. आठ वर्षं जपलेली वेबसाइट तू विकायला काढलीस, हे वाचून आधी वाईटच वाटलं. तिच्यावरचा पहिला लेख तू मला फोनवर वाचून दाखवला होतास आणि एका शब्दावरून आपला तासभर वाद झाला होता, तेही आठवलं. पण आता तुझं ठरलंय, विचारणाराही आलाय, तेव्हा किती मागायचे त्याबद्दलच लिहितो.

मनाला लागेल, तरी सांगतो. आठ वर्षांच्या कष्टांचे पैसे कोणी देणार नाही. घेणाऱ्याला मिळणार ती पुढच्या महिन्यापासूनची कमाई, आणि ती किती येईल हे कळायला त्याच्या हाती फक्त मागचे आकडे असतात. तुझी किंमत त्या आकड्यांतूनच निघायला हवी.

माझी साइट विकताना मी इथेच चुकलो होतो. वर्षातले सगळ्यात चांगले तीन महिने धरून किंमत सांगितली. समोरच्याने शांतपणे बाराही महिन्यांचा हिशेब मागितला. तो पाहिल्यावर माझ्या कुठल्याच शब्दावर त्याचा विश्वास उरला नाही, आणि सरळ आकडा सांगून जे मिळालं असतं त्याहून कमीवर मला व्यवहार करावा लागला. ते मला अजून सलतं.

म्हणून आधी पूर्ण बारा महिने मांड. समज, जाहिराती आणि अॅफिलिएट कमिशन (साइटवरच्या लिंकवरून कोणी खरेदी केली की मिळतं ते) मिळून वर्षाला १,२०,००० आले. होस्टिंग, डोमेन, ईमेल पाठवायची सेवा, लेखकांचं मानधन यांत ३०,००० गेले. उरले ९०,०००, म्हणजे महिन्याला ७,५००. या मासिक नफ्याला पटीने गुणायची रीत आहे. लेखांच्या साइट्सना साधारण दोन ते साडेतीन वर्षांच्या नफ्याइतकी रक्कम मागितली जाते. महिन्याच्या नफ्याच्या तीसपट, म्हणजे अडीच वर्षांचा नफा धरला, तर २,२५,००० झाले.

आता तुझे स्वतःचे तास. रिवाजाप्रमाणे मालकाची मेहनत या खर्चात धरत नाहीत, पण घेणारा मनातल्या मनात धरतोच. तू महिन्याला पंधरा तास देत असशील आणि ते काम दुसऱ्याकडून करून घ्यायला १,५०० लागणार असतील, तर त्याच्या लेखी नफा ६,०००च आहे आणि किंमत १,८०,०००. तुमची घासाघीस बहुधा या दोन आकड्यांच्या मधेच होईल. तास लपवू नकोस. उलट कुठलं काम किती वेळ घेतं ते लिहूनच दे. काम ठरलेलं आणि कोणालाही जमण्यासारखं दिसलं की तो वरच्या आकड्याकडे सरकतो.

पट किती लावायची, हे जोखमीवर ठरतं. तुझे बहुतेक वाचक गूगलवरून येतात, ही तुझी दुखरी बाजू. सप्टेंबर २०२३ च्या गूगल अपडेटनंतर कितीतरी छोट्या माहितीपर साइट्सचे वाचक आटले, आणि घेणारे ते विसरलेले नाहीत. तुझी ईमेल यादी मात्र खरं धन आहे. ते वाचक कुणाच्या अल्गोरिदमच्या मर्जीवर नाहीत. यादीत किती जण आहेत, त्यातले किती खरोखर मेल उघडतात, हे आधी सांग. सहा महिन्यांपासून उतरण असेल तर तेही आधी तूच सांग. गूगल शोधातून साइटवर किती जण आले ते दाखवणाऱ्या सर्च कन्सोलमध्ये सोळा महिन्यांचे आकडे दिसतात, त्याला ते सापडणारच. स्क्रीनशॉट पाठवत बसू नकोस, फक्त पाहण्यापुरता अॅक्सेस दे.

आणखी एक, जे तुझ्या पत्रात कुठेच नाही. लेखकांकडून हक्कांचं काही लिहून घेतलं होतंस का? नुसतं मानधन दिलं म्हणून लेखाचे हक्क आपले झाले असं धरून चालू नकोस. तसं लिहिलेलं नसेल तर सौदा पुढे नेण्याआधी ते मिळव, एखाद्या वकिलाला दाखव. विकत घेतलेल्या फोटोंचं आणि थीमचं लायसन्स दुसऱ्याच्या नावावर जातं का, तेही तपास. गूगलच्या जाहिरातींचं अॅडसेन्स खातं तर देता येतच नाही, त्याला स्वतःचं काढावं लागेल.

पैसे एस्क्रोमधूनच घे, म्हणजे व्यवहार पुरा होईपर्यंत रक्कम तिसऱ्या, तटस्थ संस्थेकडे राहील, आणि ती तिथे जमा झाल्याशिवाय डोमेनचा ऑथ कोड, म्हणजे साइटचा पत्ता दुसरीकडे हलवायला लागणारा गुप्त कोड, देऊ नकोस. "निम्मे आता, उरलेले कमाईतून" असं तो म्हणाला, तर त्या उरलेल्या निम्म्यांची आज खात्री नाही हे धरूनच हिशेब कर. साइट त्याच्या हातात गेल्यावर कमाई तुझ्या हातात राहत नाही. नुसत्या आताच्या निम्म्यावर तुझं समाधान होत असेल, तरच हो म्हण.

ज्या आकड्याखाली जायचं नाही तो आजच कागदावर लिहून ठेव. बोलणी सुरू झाल्यावर तो ठरवू गेलास तर समोरचाच तो ठरवतो.

तू घायकुतीला येतोस हे मला ठाऊक आहे, म्हणून एवढं माझं ऐक. त्याला आज उत्तर देऊ नकोस. बारा महिन्यांचा तक्ता आणि तासांची नोंद मला पाठव. रविवारी दोघं मिळून ओळ न् ओळ बघू, मगच त्याला आकडा कळव.

तुझाच,
जुना मित्र