गाडी विकू नका, फक्त कागद माझ्याकडे द्या

प्रिय आई, बाबा,

फोनवर हे बोलणं होतच नाही. बाबा "बघू बघू" म्हणतात आणि आई फोन घेऊन जेवलीस का विचारते, म्हणून आज सगळं लिहूनच पाठवतेय. आई, तू चष्मा लावून बाबांना मोठ्याने वाचून दाखव.

गणपतीत आले होते तेव्हा टिश्यू शोधायला गाडीतला समोरचा खण उघडला. तुमची ती प्लॅस्टिकची पिशवी, वर पहिल्या पूजेचं कुंकू अजून लागलेलं, आत आरसी, पीयूसी आणि विम्याची पॉलिसी. सहज तारीख बघितली तर ४ ऑगस्टलाच संपलेली. म्हणजे तेवीस दिवस गाडी विम्याशिवाय होती, आणि त्या तेवीस दिवसांत बाबा आईला घेऊन दोनदा साताऱ्यातच पोवई नाक्यावर डॉक्टरकडे आणि एकदा कोरेगावला मावशीकडे जाऊन आले होते. माझ्या पोटात गोळाच आला.

बाबा, तुम्ही म्हणालात पकडलं असतं तर दंड भरला असता. दंड पहिल्या वेळी २ हजार आहे, त्याची मला काळजीच नाही. पण आपल्या गाडीखाली कुणी आलं असतं, कुणाला कायमचं अपंगत्व आलं असतं, तर कोर्ट जी भरपाई ठरवेल ती विमा असेल तर कंपनी देते, नसेल तर तुम्हाला स्वतःला द्यावी लागते, आणि ती लाखांत जाते. तुमची पेन्शन, एफडी, घर, सगळं त्यात ओढलं गेलं असतं. आपली गाडी १ हजार सीसीच्या आतली आहे, थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा, सरकारने ठरवलेला वर्षाचा हप्ता २०९४ रुपये आणि वर जीएसटी, म्हणजे महिन्याला दोनशेच्या आसपास. एवढ्यासाठी एवढी जोखीम घ्यायची नाही.

तुमची चूक नव्हती हे मला कळतं. पूर्वी एजंटकाका घरी येऊन चेक घेऊन जायचे, त्यांनी काम सोडलं, आणि रिन्यूअलचे मेसेज तुमच्या बंद झालेल्या जुन्या नंबरवर जात राहिले. आई मोदकांची उकड काढत होती तेव्हा मी अंगणात गाडीभोवती फिरून मोबाईलवर व्हिडिओ काढत होते ना, तो त्यासाठीच, पॉलिसी संपून गेली की गाडीच्या नुकसानीचा विमा द्यायच्या आधी कंपनी गाडी बघून घेते. नव्वद दिवसांच्या आत पॉलिसी रिन्यू केल्यामुळे क्लेम न घेतल्याचा ५० टक्के बोनस वाचला, नाहीतर इतक्या वर्षांचा शून्यावर आला असता. आता पॉलिसीवर नंबर माझा आहे. आरसीवरचा नंबरपण बदलून घेते, ओटीपी आला की फक्त मला सांगा, दुसऱ्या कुणालाही नाही.

दादा म्हणतो विकून टाका, रिक्षाने फिरा. मी त्याच्याशी भांडले नाही, बाबांची वही घेऊन हिशोबाला बसले. बाबा, तुम्ही प्रत्येक पेट्रोलला तारीख, रुपये आणि किलोमीटर लिहून ठेवता ते इतकं उपयोगी पडलं! गेल्या गणपतीपासून या गणपतीपर्यंत गाडी २२१४ किलोमीटर चालली. पेट्रोल साधारण साडेपंधरा हजार, विमा साडेपाच, सर्व्हिसिंग साडेसहा, बॅटरी चार वर्षं आणि टायर सहा वर्षं पुरतात असं धरलं तर त्यांचे वर्षाचे चारेक हजार. एकतीस-बत्तीस हजार होतात, किलोमीटरला चौदा रुपये. गावातल्या गावात फिरायला दादाचं गणित बरोबर आहे, रिक्षा स्वस्त पडेल. पण जुलैत रात्री दीडला आईचं बीपी वाढलं तेव्हा शाहूपुरीत त्या पावसात कुठली रिक्षा मिळाली असती? बाबांनी वीस मिनिटांत दवाखान्यात पोचवलं. आणि गुडघे असे असताना आई रिक्षाच्या त्या उंच पायरीवर रोज चढणार का? त्यामुळे माझं मत, गाडी ठेवायची.

आई, टीव्हीवर जुन्या गाड्या भंगारात काढतात ते दाखवतात आणि तू घाबरतेस, ते पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांचं दिल्लीकडचं आहे, आपल्याकडे तसं नाही. आपली गाडी ऑगस्ट २०१२ ची, म्हणजे २०२७ च्या ऑगस्टमध्ये पंधरा वर्षं होतील. तेव्हा आरटीओत गाडी दाखवून परत पासिंग, त्याची फी ५ हजार, वर पर्यावरण कर, आणि मग पुढची पाच वर्षं मिळतात. ते करायचं का, हे तेव्हा बाबांचे डोळे कसे आहेत ते बघून ठरवू.

आता टायर. मी टॉर्च लावून बघत होते तेव्हा बाबा म्हणाले नक्षी अजून खोल आहे, खरंच आहे. पण बाजूला छोट्या चौकटीत चार आकडे असतात, आपल्या टायरवर ३२१७ आहे, म्हणजे २०१७ सालचा बत्तिसावा आठवडा. आठ वर्षं झाली. रिमजवळ नखाएवढ्या बारीक चिरा पडल्यात, रबर कडक झालंय, ओल्या रस्त्यावर ब्रेक नीट लागणार नाही. दिवाळीच्या आधी चारही बदलायचे, पैसे मी देणार, यावर चर्चा नको.

आणि बाबा, रोज सकाळी गाडी जागेवर पाच मिनिटं चालू ठेवता ते बंद करा. स्टार्ट करताना बॅटरीतून जेवढं जातं तेवढंही पाच मिनिटांत धड भरून येत नाही, पेट्रोल जळतं ते वेगळंच. त्यापेक्षा आठवड्यातून दोनदा आईला घेऊन अर्धा तास खरंच चक्कर मारून या. ऑइल मात्र किलोमीटर कमी झाले तरी वर्षाला बदलायचंच. गेल्या वेळी त्या गॅरेजवाल्याने ब्रेक पॅड बदलले म्हणून बिल लावलं आणि जुने दाखवलेच नाहीत, यापुढे काढलेला पार्ट हातात घेतल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

फास्टॅगचा तीनेक हजारांचा वार्षिक पास विचारत होतात, तो घेऊ नका. २०० फेऱ्या मिळतात पण प्रत्येक टोलनाका एक फेरी, आणि तुम्ही वर्षात चारदा पुण्याला येता, आणेवाडी आणि खेड-शिवापूर जाऊन-येऊन धरले तरी सोळाच होतात.

एक अवघड गोष्ट आहे बाबा, रागावू नका. तुमचं लायसन्स येत्या मार्चमध्ये संपतंय. आता तुमच्या वयाला पाचच वर्षांचं मिळतं आणि डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागतं. ते ओळखीच्या डॉक्टरांकडून नुसतं सही करून आणायचं नाही, डोळे खरोखर तपासून घ्यायचे. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर समोरून आलेल्या लाइटने डोळ्यांपुढे चमकतं असं तुम्हीच सांगितलंत. म्हणून पुण्याहून निघालात की खंबाटकीचा घाट उजेडातच उतरायचा, उशीर झाला तर सरळ आमच्याकडे मुक्काम. गाडी चालवायला तुम्हीच शिकवलंत मला, सैनिक स्कूलच्या बाजूच्या रस्त्यावर, आणि कंटाळा आला की गाडी बाजूला घ्यायची हेही तेव्हा तुम्हीच सांगितलं होतंत.

शनिवारी मी येतेय, टायरवाल्याशी बोलून ठेवलंय, अकराला जायचंय. आई, जेवणाचा घाट घालू नकोस, पिठलं-भाकरी चालेल. बाबा, तोपर्यंत गाडीचा आजचा आकडा वहीत लिहून त्या पानाचा फोटो मला टाका.

तुमची,
मनू