मैदानातल्या छोट्या मैफली व्हायलाच हव्यात

संपादक महोदय,

शेजारपाजारच्यांनी मिळून मोकळ्या जागेत गाण्याचा छोटा कार्यक्रम करावा, सोबत खाणंपिणं असावं असं मला मनापासून वाटतं, पण लोक सगळा जोर स्टेजवरच लावतात. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने कमी होतो, म्हणून एकच मोठा स्पीकर फुल ठेवण्यापेक्षा दोन-तीन छोटे स्पीकर प्रेक्षकांजवळ लावा, आजूबाजूच्या घरांनाही त्रास कमी होतो. जनरेटर लांब ठेवा, आणि खाण्याचे स्टॉल वारा स्टेजकडून जिकडे वाहतो तिकडे, नाहीतर धूर थेट गाणाऱ्याच्या घशात जातो! गरम पदार्थ ६० अंश सेल्सिअसच्या वरच राहू द्या, शिजवलेलं अन्न २ तासांपेक्षा जास्त तसंच उघड्यावर पडू देऊ नका. आणि हो, पाणी अन् टॉयलेटची सोय आधी बघा, गायक नंतर ठरवा.

एक वाचक