पक्या, शिव्या वाचून झाल्यावर घाल

पक्या,

आठ महिने फोन नाही म्हणून तू रागावला असशील, पण पुढचं वाचलंस की त्या रागाची जागा दुसरा राग घेईल. माझं बीपी बरंय, आईचे गुडघे होते तसेच. झालं.

परवा लॅपटॉप गेला. दुकानातल्या पोराने हार्ड डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावून दिली, फोटो वाचले, ऑफिसचं सगळं वाचलं, पण मी विकत घेतलेली गाणी उघडेनात. फाइल दिसते, नाव दिसतं, क्लिक केलं की लायसन्स मागते. आणि लायसन्स देणारी साइट केव्हाच बंद पडलीये. पावत्यांचे मेल आहेत माझ्याकडे, एकूण एक. पावती वाजत नाही ना पण!

हसतोयस ना? हस. 2000 साली मेटॅलिका बँडने फुकट गाणी वाटायची सोय करणाऱ्या नॅपस्टरवर केस टाकली तेव्हा होस्टेलवर आपण तीन दिवस बोलत नव्हतो. मी म्हणायचो एवढा कोट्यधीश त्यांचा ड्रमर लार्स आणि पोराटोरांच्या मागे लागलाय, आणि तू म्हणायचास मिशन इम्पॉसिबल 2 साठीचं त्यांचं गाणं पुरं व्हायच्या आधीच रेडिओवर वाजायला लागलं तर त्याने चिडायचं नाही तर काय आरती ओवाळायची? मग ती त्यांची गाणी वाटणाऱ्या 3,35,435 युजरची यादी, कागदांची खोकीच्या खोकी नेऊन दिली नॅपस्टरच्या ऑफिसात, आणि मन्याची टरकली की त्यात आपलं नाव असणार. अरे, आपल्या कॅफेत एक गाणं उतरायला तास लागायचा आणि ऐंशी टक्क्यांवर लाइन जायची, त्याला कोण पकडतंय!

पण तुझं बोलणं डोक्यात बसलं होतं, म्हणून पगार सुरू झाल्यावर विकत घ्यायला लागलो. 2006 ला लार्सने गाणी आयट्यून्सवर आणली, पण ते दुकान तेव्हा इकडे उघडलंच नव्हतं, मग दुसरीकडून घेतली, डॉलरमध्ये, बायकोपासून लपवून.

आता खरं सांगतो. दिवाळीत घर रंगवताना ही म्हणाली कॅसेटींच्या खोक्याचं काय करायचं, आणि मी ऐटीत म्हटलं, दे भंगारात, सगळं कॉम्प्युटरवर आहे. त्यात तुझा मेटॅलिकाचा ब्लॅक अल्बम होता. हो, तोच, 2004 ला निघताना सांभाळ म्हणून दिलेला. इनलेवर बॉलपेनने तुझं नाव, शेजारी मन्याची ती बटाट्यासारखी कवटी. बी साइडला टेप खाल्ली होती आणि तू पेन्सिलीने गुंडाळून, इस्त्री केल्यासारखी बोटांनी सपाट केली होतीस, तिथे आवाज एक गचका खायचा. पोराच्या फोनवर ते गाणं लागलं की मी अजून त्या गचक्याची वाट बघतो आणि तो येतच नाही रे. पोरगं म्हणतं, बाबा, महिन्याचे पैसे भरले की सगळं मिळतं, विकत कशाला घ्यायचं. 2012 मध्ये लार्सपण स्पॉटिफायच्या स्टेजवर नॅपस्टरवाल्या शॉन पार्करशी हात मिळवून मोकळा झाला, आणि त्याच वर्षी बँडने स्वतःचं रेकॉर्ड लेबलही काढलं. तिकडे त्यांची गाणी त्यांच्या हातात आली, इकडे मी पैसे मोजून रिकामा.

बंगलोरला 2011 मध्ये मेटॅलिकाच्या शोला पॅलेस ग्राउंड्सवरून मी आणि मन्याने तुला फोन लावला होता, तुझ्याकडे रात्रीचे अडीच, आणि तुला नुसती खरखर ऐकू आली. ती खरखर तरी रेकॉर्ड केली असतीस.

नोकरी बदललीस असं काकूंकडून कळलं, बरं झालं, तो बॉस गाढवच होता. पोरीची परीक्षा झाली असेल. वहिनींना नमस्कार.

जुन्या कॅसेटी विकणारा एक जण सापडलाय, ब्लॅक अल्बमचे नऊशे मागतोय. घेऊ का? तुझं नाव मी लिहितो, पण कवटी मन्याकडूनच काढून घ्यावी लागेल आणि त्याला मी अजून काही सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

तुझा,
बंड्या