हेंड्रिक्सनच्या आठवड्यासाठी काय बांधशील

एडिसन, न्यू जर्सी
मार्चअखेर

प्रिय दिनू,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात तू आणि वहिनी लेकीकडे येताय हे वाचून फार आनंद झाला. मुहूर्त बघून आला असतास तरी याहून चांगला आठवडा सापडला नसता. इथून गाडीने दोन-सव्वादोन तासांवर कॅट्सकिलचे डोंगर आहेत. तिथल्या बीव्हरकिल नदीवर साधारण याच सुमाराला हेंड्रिक्सन नावाची मेफ्लाय, म्हणजे पाण्यात वाढणारी इवली माशी, निघते. माश्या अशा एकदम पाण्यातून निघतात त्याला हॅच म्हणतात. वर्षातल्या सगळ्या हॅचमध्ये माझा जीव हिच्यावर जास्त.

तू विचारलंस, ट्राउट मासा धरायच्या फ्लाय, म्हणजे गळावर पिसं-केस बांधून केलेले नकली किडे, बांधायला गळ पकडायचा व्हाइस आणला, दोरा आणला, आता बांधू काय? शेकडो प्रकार बघून डोकं गरगरतंय म्हणालास. तर मर्दा, तीनच प्रकार बांध, पण कोणता कशासाठी आहे हे समजून बांध. म्हणून हे पत्र जरा लांबणार.

पंचगंगेवर आपण गळ टाकायचो तेव्हा एकच प्रश्न असायचा, मासा आज भुकेला आहे की नाही. गांडूळ नाहीतर कणकेची गोळी, वर मोरपिसाच्या काडीचा तरंगा, झालं काम. इथे हॅच चालू असताना ट्राउट भुकेलाच असतो. तुझ्या डोळ्यांदेखत खात असतो आणि तरी तुझ्या फ्लायकडे ढुंकूनही बघत नाही. त्या घटकेला पाण्यावरून एकच किडा हजारोंनी वाहत असतो आणि मासा त्या एकाच किड्याला चटावलेला असतो, तेही पुष्कळदा त्याच्या एकाच अवस्थेला. कुठली अवस्था ते ओळखलंस की निम्मी निवड झाली. रंग त्यानंतर.

त्या अवस्था सांगतो. मेफ्लाय जवळजवळ वर्षभर पाण्याखाली दगडगोट्यांत निम्फ म्हणून, म्हणजे बिनपंखी अवस्थेत, जगते. वसंतात पाणी दहा-बारा अंश सेल्सियसवर आलं, की दुपारी दोनच्या आसपास हेंड्रिक्सनच्या निम्फ तळ सोडून वर येतात. पृष्ठभागाशी आल्यावर पाठ उकलते आणि कातीतून पंख असलेली माशी बाहेर पडते. तिला डन म्हणतात. तिचे पंख धुरकट, पाटीच्या रंगाचे, पाठीवर उभे. मागे तीन शेपट्या. उडता येईपर्यंत ती प्रवाहाबरोबर वाहत जाते. हवा गार आणि दमट असेल तर हा वेळ लांबतो, म्हणून ढगाळ, रिमझिम दुपार मिळाली तर कुरकुर करू नकोस, तीच आपली दुपार. उडून झाडीत गेलेली डन एक-दोन दिवसांत पुन्हा कात टाकते. पंख फुटल्यावर परत कात टाकणारा कीटकांतला आज हा एकटाच गण आहे, आणि मला ही गोष्ट दरवर्षी नव्याने थक्क करते. आता तिचे पंख पारदर्शक होतात, शेपट्या लांबतात. ही स्पिनर. तिला खाण्यायोग्य तोंडच नसतं. नदीवर थव्यात मीलन होतं, मादी अंडी सोडते आणि पंख पसरून पाण्यावर पडते.

पहिल्या पावसानंतर आपल्याकडे दिव्याभोवती पंख झाडतात ती वाळवी, तिचा हिच्याशी संबंध नाही. पण सह्याद्रीच्या ओढ्यांतही मेफ्लायच्या जाती आहेत. दाजीपूरकडे गेलास तर वाहत्या पाण्यातला एखादा दगड उलटा करून बघ. पोटाच्या दोन्ही बाजूंना कल्ले असलेल्या इवल्या निम्फ चिकटलेल्या दिसल्या तर त्याच त्या. बघून झाल्या की दगड होता तसा ठेव.

नदीवर पोचल्यावर लगेच रॉड जोडायचा नाही. काठावर बसायचं. पाण्यावर वर्तुळ उमटलं की त्यात बुडबुडा उरतो का ते बघायचं. मासा वरून किडा घेतो तेव्हा त्याच्याबरोबर थोडी हवा तोंडात जाते आणि कल्ल्यांतून बाहेर पडते. बुडबुडा दिसला तर बहुतेक तो डन खातोय. बुडबुडा नाही, नुसती पाठ आणि शेपूट वर येऊन गेली, तर तो पृष्ठभागाच्या बोटभर खाली, वर येणाऱ्या माश्या टिपतोय. आणखी एक खात्रीचा उपाय म्हणजे एखादी डन नजरेने धरायची आणि ती त्या माशापाशी पोचेपर्यंत सोडायची नाही. दोन-तीन डन त्याच्या डोक्यावरून सुखरूप गेल्या तर त्याला डन नकोय, दुसरं काहीतरी हवंय.

आता बांधणीकडे येतो.

पहिली अस्सल कॅट्सकिल पद्धतीची हेंड्रिक्सन. तिच्यामागे एक परंपरा आहे आणि ती पत्रांतून सुरू झाली. थिओडोर गॉर्डन हा क्षयाने पोखरलेला, एकटा राहणारा माणूस जवळच्या नेव्हरसिंक खोऱ्यात राहायचा. इंग्लंडमधल्या फ्रेडरिक हॅलफर्ड या फ्लायच्या जाणकाराला त्याने पत्र लिहिलं आणि १८९० साली हॅलफर्डने त्याला कोरड्या, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या, फ्लायचे नमुने धाडले. ते इंग्लंडच्या संथ चुनखडी नद्यांसाठी होते. इथलं पाणी खळाळतं, इथल्या माश्या वेगळ्या. म्हणून गॉर्डनने ताठ हॅकल, म्हणजे गळाभोवती गुंडाळलेली कोंबड्याच्या मानेची पिसं, आणि वुड डक जातीच्या बदकाच्या कुशीतल्या पिसांचे उभे पंख वापरून इथल्या पाण्याला साजेशी फ्लाय घडवली. त्याचा शिष्य रॉय स्टीनरॉड याने १९१६ साली बीव्हरकिलवर ही माशी निघताना पाहून हेंड्रिक्सन बांधली आणि मासेमारीतल्या सोबत्याचं, ए. ई. हेंड्रिक्सन याचं नाव तिला दिलं. आज माशीलाही लोक त्याच नावाने ओळखतात. गॉर्डनच्या त्या खोऱ्याचा काही भाग आता न्यूयॉर्क शहराला पाणी पुरवणाऱ्या धरणाखाली गेलाय.

हिचं मर्म अंगाच्या रंगात आहे. मादी डनचं पोट करड्यावर गुलाबी झाक मारतं, कोवळ्या डाळिंबाच्या दाण्यासारखी. या रंगासाठी जुने कारागीर कोल्हिणीच्या पोटाखालची लव वापरत. मूत्राने डागून ती फिकट गुलाबी झालेली असते. कॅट्सकिलमधला फ्लाय बांधणारा आर्ट फ्लिक याचा या लवेबद्दल आग्रह होता. आता त्या छटेचं रंगवलेलं डबिंग, म्हणजे अंगाला गुंडाळायची लव, मिळतं आणि ते चालतं, पण माझ्याकडे अस्सल लवेची पुडी आहे, तुझ्यासाठी राखून ठेवलीय. नराचं अंग तांबूस तपकिरी असतं आणि डोळे मोठे, लालसर. त्याच्यासाठी फ्लिकनेच रेड क्विल बसवली. तिचं अंग म्हणजे तांबड्या कोंबड्याच्या पिसाची, तंतू सोलून काढलेली काडी.

बांधताना सुरुवात पंखांपासून कर, शेपटीपासून नको. बारा किंवा चौदा नंबरचा कोरड्या फ्लायचा गळ घे (नंबर वाढला की गळ लहान). बदकाच्या पिसांचा जुडगा टोकं पुढे करून बांध, उभा कर, दोन भाग करून दोऱ्याच्या आठाच्या आकड्याने वेगळे कर. पंखांची उंची गळाच्या दांड्याएवढी, शेपटीही तेवढीच. मग लव दोऱ्यावर पिळून अंग गुंडाळ, आणि अगदी कमी घे. तुला वाटेल त्याच्या निम्मी घेतलीस तरी पुरेल. शेवटी निळसर करड्या हॅकलचे वेढे पंखांच्या मागे-पुढे. हॅकलच्या तंतूंची लांबी गळाच्या तोंडाच्या, म्हणजे दांडा आणि टोक यांच्यातल्या अंतराच्या, दीडपट ते दुप्पट. गळाच्या डोळ्यामागे, म्हणजे दोरी ओवायच्या भोकामागे, थोडी मान उघडी सोड. जुन्या कॅट्सकिल फ्लायची ती ओळखच आहे.

खळाळावर ही फ्लाय उत्तम. हॅकलच्या टोकांवर ती उंच तरंगते, लाटेने बुडत नाही. पण बीव्हरकिलला लांबलचक, संथ डोहही आहेत, आणि तिथे मासा प्रत्येक घास सावकाश निरखून घेतो. तिथे मला ही बांधायची नाही. खऱ्या डनचं पोट पाण्याला टेकलेलं असतं आणि हॅकलवाल्या फ्लायचं अंग पाण्यावर उचललेलं राहतं. संथ पाण्यातल्या माशाला खालून हा फरक कळतो, अशी माझी पक्की समजूत आहे. म्हणून मी रंगाआधी बसण्याकडे बघतो.

यासाठी दुसरी, कॉम्पॅराडन. अल कौची आणि बॉब नास्तासी या दोघांनी ती नावारूपाला आणली. मूळ कल्पना ॲडिरॉन्डॅक डोंगरातल्या फ्रॅन बेटर्सच्या हेस्टॅक फ्लायची. हिला हॅकल अजिबात नाही. हरणाच्या केसांचा जुडगा गळावर अर्धवर्तुळात पंख्याने उभा करायचा, दोन्ही बाजूंना पाण्यापर्यंत. केस आतून पोकळ, त्यामुळे फ्लाय तरंगते, आणि अंग थेट पाण्यावर टेकतं. शेपटीचे ताठ तंतू दोन बाजूंना फाकवायचे, म्हणजे ती कलंडत नाही.

नवशिक्याची कसोटी केसांवर लागते. जुडगा काडेपेटीच्या काडीएवढा जाड, त्याहून जास्त नको. आधी मुळाशी असलेली मऊ लव विंचरून काढ, नाहीतर केस नीट फुलत नाहीत. मग स्टॅकर नावाच्या नळीत टोकं खाली घालून ठोक, म्हणजे टोकं एका रेषेत येतात. पहिले दोन वेढे सैल, तिसरा घट्ट आवळून. बोटांची पकड तोवर सोडायची नाही, नाहीतर केस गळाभोवती फिरतात. पुढच्या बाजूला दोऱ्याची भिंत रचली की पंखा सरळ उभा राहतो. पोकळ केस कोंबड्याच्या पिसापेक्षा फार वेगळा वागतो. दोऱ्याचा ताण बोटांना कळायला वेळ लागतो, तो दे.

याच फ्लायच्या शेपटीऐवजी तपकिरी, चमकत्या सिंथेटिक धाग्याचा अर्ध्या दांड्याएवढा तुरा बांधलास की झाली स्पार्कल डन. मोंटानात वेस्ट यलोस्टोनला क्रेग मॅथ्यूज आणि जॉन जुरासेक यांनी ती चालवली. तो तुरा म्हणजे अंगाला अडकलेली कात. अर्धवट बाहेर आलेली माशी उडून जाऊ शकत नाही आणि माशाला हे कळतं. बुडबुडा न उरणारे मासे दिसले की मी आधी हिच्याकडे वळतो. सगळ्यांतली एकच न्यायची असं म्हणालास तर मी हीच नेईन.

निम्फबद्दल फार लिहीत नाही. सकाळी, हॅचच्या आधी, गडद तपकिरी निम्फ तळालगत चालते. तशा माझ्या डबीत भरपूर आहेत.

तिसरी, रस्टी स्पिनर. गंजाच्या रंगाचं सडपातळ अंग, पांढरट धाग्याचे पंख दोन्ही बाजूंना आडवे, पाण्यावर सपाट. बांधायला सर्वांत सोपी, तुझ्या पहिल्याच बैठकीत जमेल. संध्याकाळी वारा पडला की हिची वेळ. त्याआधी नदीवरून उडणाऱ्या माद्यांच्या शेपटाशी अंड्यांची पिवळी गोळी दिसते. तेव्हा बाकीचे लोक गाड्यांकडे निघालेले असतात. आपण थांबायचं.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण हिने भल्याभल्यांची दुपार वाया जाते. याच दिवसांत ब्लू क्विल नावाची छोटी मेफ्लायही निघते, जवळजवळ अठरा नंबरच्या गळाएवढी. पाण्यावर मोठ्या हेंड्रिक्सन ठळक दिसतात, आपलं लक्ष त्यांच्यावर जातं, आणि मासा मात्र शांतपणे छोट्याच खात असतो. म्हणून जाळीचा एक तुकडा खिशात ठेवायचा, प्रवाहात धरायचा आणि खरोखर काय वाहतंय ते बघायचं. अठरा नंबरच्या करड्या-तपकिरी चार-पाच मी बांधून ठेवतो, तुझ्या डोळ्यांना त्याचा त्रास नको.

कोल्हापुरात साहित्य मिळत नाही म्हणून अडून राहू नकोस. गावठी कोंबड्याच्या मानेची पिसं घे. ती मऊ असतात, फ्लाय फार तरंगणार नाही, पण हॅकलचे वेढे एकाशेजारी एक बसवायचा सराव त्यांच्यावर छान होतो. तुझ्याकडे जुने तरंगे असतील तर मोरपीसही असेलच. डोळ्याजवळचे तंतू घे आणि पेन्सिलच्या खोडरबराने त्यांची लव खरवडून काढ. खाली गडद-फिक्या पट्ट्यांची काडी निघते. गॉर्डनच्या क्विल गॉर्डन फ्लायचं अंग याच काडीचं. ती काडी न तुटता गुंडाळता आली की हात तयार झाला समज. पिसं इकडे मात्र आणू नकोस, मोरपिसांच्या निर्यातीला बंदी आहे आणि विमानतळावर उगाच अडकशील. आपल्या राखी रानकोंबड्याच्या मानेची पिसं एके काळी सॅमन मासा धरायच्या फ्लायसाठी जगभर जायची, तीही आता बंदच.

पाण्यात उतरायचे वेडर्स, बूट, रॉड सगळं इथे आहे. न्यूयॉर्क राज्याचा परवाना लागतो, तो मी ऑनलाइन काढतो. त्यासाठी तुझी जन्मतारीख आणि पत्ता लिहून पाठव. गळांचे काटे चिमट्याने दाबून ठेव, आपण मासे परत सोडणार आहोत. वहिनींना रॉस्को गाव आवडेल, आणि लिव्हिंग्स्टन मॅनरच्या फ्लाय फिशिंग संग्रहालयात त्या कारागिरांच्या हातच्या फ्लाय बघायला मिळतात. सकाळी तिथे आधी जाऊ, हॅच दुपारचीच आहे.

पहिल्या चार कॉम्पॅराडन झाल्या की फोटो पाठव. एक बाजूने काढ आणि एक समोरून, म्हणजे पंखा किती उघडलाय आणि दोऱ्याची भिंत पुरेशी आहे का ते मला सांगता येईल. वहिनींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

तुझा,
विजू