कडोलीच्या ताईचं सुवर्णपदक

प्रिय दोस्ता,

काय गा, बरा आहेस न्हवं? ग्रुपवर फोटो टाकला तेव्हा तू नुसतं 'अभिनंदन' टाकून गप्प बसलास, ड्युटीवर असशील म्हणा, पण एका शब्दात संपण्यासारखी ही गोष्ट न्हवं बघ, म्हणून सगळं लिहायला बसलोय.

आपली कडोलीची ताई एमए मराठीत विद्यापीठात पहिली आली! राणी चन्नम्मा विद्यापीठाचं सुवर्णपदक! पदवीदानाला स्टेजवर तिचं नाव घेतलं आणि सगळ्यात मोठी शिट्टी कुणी मारली माहितेय? तिच्या रूममेटनं, ती कन्नड विभागातली गोकाकची पोरगी. परीक्षेच्या आधी दोघी रात्ररात्र जागायच्या, भाषाविज्ञानाचा पेपर दोघींनाही होता, ही मराठीतून समजावणार ती कन्नडमधून, आणि मधेच दोघी हिंदीत भांडणार. त्या पोरीचे आईवडील पण हॉलमध्ये होते, त्यांनी ताईच्या आईला शाल घातली. दोघी बायकांना एकमेकींची भाषा धड येत नाही तरी हात धरून बसल्या होत्या. मला तर बघवेना रे, डोळे भरून आले.

तुला आठवतं काय, बेळगावच्या सीबीटी बसस्टँडवरनं बस धरून काकतीवरनं भूतरामनहट्टीला विद्यापीठात जायचं, सकाळची गर्दी, एका पायावर उभं राहून. काकती आली की ताई रोज खिडकीतनं नमस्कार करायची, कित्तूरच्या चन्नम्मा राणीचं माहेर म्हणून. आणि एक खरं सांगू, 2023 च्या जूनमध्ये शक्ती योजनेत बायकांना बस फुकट झाली नसती तर तिचं एमए झालंच नसतं, घरी पैशाची ओढाताण चालूच होती. हे ती स्वतःच सगळ्यांना सांगते, त्यात लाजण्यासारखं काय आहे?

तिचे मामा सांगत होते, 2010 ला आपलं विद्यापीठ झालं, त्याआधी त्याच कॅम्पसवर धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचं केंद्र होतं, म्हणजे शिकायचं इथं आणि सर्टिफिकेटवर धारवाड. आता शिक्का आपल्या बेळगावचा. मामा ते सर्टिफिकेट हातात घेऊन किती वेळ बघत बसले होते.

बाकी पण चांगलं चाललंय. आपल्यातले दोघं प्राध्यापकीची नेट परीक्षा पास झाले, एकाला जेआरएफ म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती पण मिळाली. कबड्डीवाल्यांनी पण कप आणलाय.

पण पदकाचा आनंद कसा साजरा केला ते सांगायचं राहिलंच. 2024 च्या 3 ऑक्टोबरला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा कन्नड विभागाची पोरं पेढे घेऊन आपल्या वर्गात आलेली. त्यांच्या कन्नडला तो 2008 लाच मिळालाय, म्हणाली आता तुम्ही पण आमच्यात. ते पेढे आमच्या लक्षात होते. म्हणून पदकाच्या दिवशी आम्ही वर्गणी काढून आपली बेळगावची मिठाई, कुंदा आणला आणि पहिला डबा त्यांच्या विभागात नेला. शिपाई मामांपासून लायब्ररीतल्या मॅडमपर्यंत सगळ्यांना वाटला. टीव्हीवर बेळगाव दिसतं ते भांडणापुरतंच, दोस्ता, हा कुंदा कुठल्या चॅनलवर दिसणार? आपण चार वर्षं एकत्र राहिलो तेव्हा तुला हे सांगायची गरज न्हवती, पण तिकडं पुण्यात लोक तुला काय काय विचारत असतील, त्यांना हे सांग.

आता येत्या रविवारी कडोलीत ताईचा सत्कार आहे. गावात दरवर्षी मराठी साहित्य संमेलन भरतं, लहानपणी ही तिथं पाहुण्यांना पाणी द्यायची, आता गावकरी तिलाच खुर्चीवर बसवायलेत. लेझीमची प्रॅक्टिस सुरू झालीय. गोकाकची मंडळी पण येणार आहेत, त्यांच्यासाठी सूत्रसंचालन कन्नडमधून पण ठेवलंय, आणि ते मी करायचंय.

तू गोवा एक्सप्रेसचं तिकीट बघ आणि शनिवारीच ये. तुझ्या जुन्या नोट्सच्या वह्या ताईनं जपून ठेवल्यात, त्या तुझ्या हातात द्यायच्या आहेत म्हणते. स्टेशनवर गाडी घेऊन मी आहे. काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
बेळगावचा मित्र