बेटावरून पत्र: विजेआधी पाण्याचं विचारा

ब्रिटिश कोलंबिया, कॅनडा

ती. दादा आणि वहिनी यांस,
सा. न. वि. वि.

बेटावर वीज नाही तर आठवडाभर राहायचं कसं, असं दादांनी विचारलंय. अहो, वीज हा इथला सगळ्यात सोपा भाग. आधी पाण्याचं विचारायला हवं होतंत.

चहूकडे समुद्र, पण प्यायला फक्त छपरावरचा पाऊस. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पडला की एक लिटर. केबिनचं छप्पर ४० चौरस मीटर, म्हणजे २५ मिलिमीटरला हजार लिटर. सांडून-उडून ८०० हाती धरायचे. अडीच हजार लिटरच्या दोन टाक्या माणशी रोज ४० लिटरने चौघांना महिनाभर पुरतात. पाऊस इथे हिवाळ्यात. तुम्ही येणार तो ऑगस्ट कोरडा. तेव्हा नळ सोडून दात घासायचे नाहीत, मुलांना आत्ताच सांगून ठेवा.

प्रत्येक पावसाचे पहिले ४० लिटर टाकीत न जाता वेगळ्या उभ्या पाइपात जातात, कारण छपरावरची पक्ष्यांची घाण आणि सीडरच्या झाडांचा पालापाचोळा त्यांतच येतो. तो पाइप रिकामा करायचा राहिला तर पुढची घाण थेट टाकीत. पाला कुजला की पाणी कोऱ्या चहासारखं दिसतं. तो रंग पोटाला बाधत नाही, पण जंतू मारणाऱ्या यूव्ही दिव्याचे किरण त्यातून नीट जात नाहीत. म्हणून आधी पाच मायक्रॉनचा फिल्टर, मग कोळशाचा, आणि शेवटी दिवा. दिवा वर्षाने बदलायचाच. पेटलेला दिसतो, पण ताकद गेलेली असते. शंका आली की पाणी एक मिनिट खळखळून उकळायचं.

आता वीज. ८०० वॉटचे सोलर पॅनेल उन्हाळ्यात रोज तीन युनिट देतात. डिसेंबरात ढगाळ दिवशी अर्धं युनिटही मुश्किल. फ्रिज, दिवे, पंप, फोन यांना उन्हाळ्यात ते पुरेसं आहे. वहिनी, इलेक्ट्रिक किटली आणि इस्त्री मात्र आणू नका. लिथियम बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करायची नसते, आतून कायमची खराब होते. म्हणून ती घरात ठेवलेली असते.

शेगडीत किनाऱ्यावर वाहून आलेले ओंडके घालायचे नाहीत. फुकट दिसतात, पण त्यांत मुरलेलं मीठ लोखंड खातं आणि धूरही विषारी होतो. फोडून वर्षभर वाळवलेलं लाकूडच हवं. ओलं लाकूड किंवा रात्री हवा कोंडून धुमसत ठेवलेला विस्तव धुराड्यात डांबरासारखा थर चढवतो, आणि एक दिवस धुराडंच पेटतं.

भरती-ओहोटीत पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं. होडी आखूड दोराने खडकाला बांधली तर ओहोटीत लोंबकळते. सामान भरतीलाच उतरवायचं. ओहोटीला तरंगत्या धक्क्यावर उतरायची फळी जिन्याइतकी उभी होते. आणि बेट खासगी असलं तरी भरतीरेषेखालचा किनारा सहसा सरकारचा, तिथे कुणीही उतरू शकतं.

मुलांना प्राण्यांचंच कौतुक असणार. गरुड, सील, हरणं घरबसल्या दिसतील. देवमाशापासून होडी किमान १०० मीटर दूर ठेवायची, ऑर्का (काळा-पांढरा 'किलर व्हेल') असेल तर त्याहून खूप जास्त, असा कायदा आहे. टकल्या गरुडाचं घरटं रिकामं असलं तरी ते झाड पाडता येत नाही. खरा उपद्रव लहान प्राण्यांचा. पाणमांजरं जोत्याखाली बिळ करतात. माशांच्या अवशेषांचा वास जमिनीतून वर येतो, म्हणून खालची फट जाळीने बंद केलेली असते. उंदरांच्या लेंड्या कोरड्या झाडायच्या नाहीत, धुळीतून हंताव्हायरस फुप्फुसात जातो. एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी शिंपडून दहा मिनिटं थांबायचं, मग हातमोजे घालून कागदाने उचलायच्या.

दादा, खडकावरची कालवं आणि वाळूतल्या तिसऱ्या (शिंपल्या) बघून तुमचा हात शिवशिवेल. तो भाग काढणीला खुला आहे की नाही हे त्या दिवशीच पाहिल्याशिवाय एकही उचलायची नाही. त्यांच्यात साठणारं विष शिजवून जात नाही, चवीला कळत नाही, आणि श्वास बंद पाडू शकतं.

विमानाची तारीख ठरली की कळवा. भरतीचं वेळापत्रक पाहून धक्क्यावरून निघायची वेळ सांगतो. एक दिवस उशीर झाला तर भरती साधारण ५० मिनिटं पुढे सरकते.

मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
बाळू